शिक्षकांच्या ग्रुपात आपलं माणूस

पत्र (थोडक्यात)

मी मूळची उमरगा तालुक्यातली. २०२४ मध्ये शिक्षकभरतीच्या पवित्र पोर्टलमधून निवड झाली आणि जिंतूर तालुक्यातल्या एका तांड्यावरच्या द्विशिक्षकी शाळेत शिक्षणसेविका म्हणून रुजू झाले. पहिली-दुसरी माझ्याकडे, तिसरी-चौथी सरांकडे. सर चांगले आहेत, पण त्यांचे बरेच दिवस बैठका, ऑनलाइन माहिती आणि पोषण आहाराच्या हिशेबात जातात. बोलायला कोणी नाही, म्हणून फेसबुकवरच्या शिक्षकांच्या एका मोठ्या ग्रुपात विचारलं, ‘दुसरीच्या लेकरांना हातच्याची वजाबाकी काही केल्या जमत नाही, काय करू?’ पहिलंच उत्तर आलं, ‘मॅडम, टीईटी कशी पास झालात?’ त्यावर कितीतरी जण हसले. एक जण नव्या भरतीवरच घसरला. मी पोस्ट काढून टाकली आणि तेव्हापासून कुठंच काही लिहिलेलं नाही. व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपांवर ‘तातडीचे’, ‘आजच भरा’, नाहीतर वाढदिवस आणि फुलं. बाकी सजवलेल्या शाळांचे रील. ते पाहून आपण काहीच करत नाही असं वाटतं. या सगळ्यात भली माणसं असतात का? की हे सगळं बंद करून आपलं गपगुमान शिकवत राहावं?
– एक शिक्षिका, जि. परभणी

उत्तर

ताई,

भली माणसं असतात. तुमच्या त्या पोस्टखालीही ती होती, फक्त त्यांना लिहायला वेळ लागणार होता. टोमणा मारायला अर्धं मिनिट पुरतं. खरं उत्तर देणाऱ्याला मात्र आपल्या वर्गात तेव्हा नेमकं काय केलं होतं ते आठवावं लागतं, एखाद्या वहीचा फोटो शोधावा लागतो, आणि हे सगळं तो शाळा, घर, दुसऱ्या दिवसाचं टाचण उरकून रात्री कधीतरी करतो. तुम्ही पोस्ट काढलीत तेव्हा असं एखादं उत्तर कुणाच्या तरी मोबाइलवर अर्धं लिहून झालं असेल. काढलीत यात तुमचं काही चुकलं नाही, इतकं अंगावर आल्यावर कोण बसून राहील? पण पुढच्या वेळी एक रात्र तरी राहू द्या.

त्या टोमण्याबद्दल. टीईटी ही नोकरीच्या दारातली परीक्षा आहे. दुसरीतलं लेकरू वजाबाकी करताना कुठं अडतं, हे चार पर्यायांतून एक निवडून कळत नाही. ते वर्गात कळतं, आणि वीस-पंचवीस वर्षं वर्गात उभं राहिलेल्यांनाही दर नव्या वर्गाबरोबर नव्यानं कळतं. आपल्याला एखादी गोष्ट जमत नाही हे चारचौघांत विचारणारा शिक्षक मला कायम जास्त विश्वासाचा वाटत आला आहे. त्याच्या वर्गातल्या लेकरांनाही ‘मला समजलं नाही’ म्हणायची भीती वाटत नाही.

तुमचं एकटेपण तुमच्या स्वभावातून आलेलं नाही, शाळेच्या मांडणीतून आलं आहे. शिक्षण हक्क कायद्यानुसार प्राथमिक शाळेचा पट साठपर्यंत असला की शिक्षक दोन. मराठवाड्यातल्या वाड्या-तांड्यांवर अशा शाळा गावोगाव आहेत. तिथं सहकारी म्हणजे एक माणूस, आणि तो तालुक्याला गेला की चारही वर्ग तुमच्याच गळ्यात. पाच वाजता शाळेला कुलूप लावून तुम्ही गाडी पकडता, खोलीवर येता, आणि दिवसभरात लहान लेकरांखेरीज कुणाशी धड बोललेलं नसता. अशा वेळी माणूस मोबाइल उघडणारच. त्यात कमीपणा वाटायचं कारण नाही. २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि ‘शाळा बंद पण शिक्षण आहे’ म्हणत रोजचा अभ्यास मोबाइलवरून सुरू झाला, तेव्हा फोनवर धडा कसा पाठवायचा, ज्या घरात स्मार्टफोन नाही तिथं काय करायचं, हे शिक्षकांनी एकमेकांनाच विचारत शिकून घेतलं. त्या काळात एकमेकांना धरलेले कितीतरी शिक्षक अजून धरून आहेत. ते तुम्हाला दिसत नाहीत, कारण त्यांचे ग्रुप आठ-दहा जणांचे असतात आणि त्यांची जाहिरात होत नाही.

म्हणून चांगला ग्रुप शोधत बसू नका, माणसं शोधा. व्हॉट्सअ‍ॅपच्या एका ग्रुपात १,०२४ जण मावतात, फेसबुकच्या ग्रुपात तर लाखानं असतात. एवढ्या लोकांसमोर बोलणं म्हणजे भाषण होतं, आणि भाषणाला टाळ्या मिळतात नाहीतर हुर्यो. पण तीच जागा माणूस पारखायला फार चांगली आहे. काही दिवस स्वतः काही लिहू नका, इतरांच्या प्रश्नांना कोण कसं उत्तर देतं तेवढं बघा. जो उत्तर देण्याआधी ‘पट किती आहे? बहुवर्ग आहे का, म्हणजे एकाकडेच अनेक वर्ग?’ असं विचारतो, त्याचं नाव लिहून ठेवा. जी बाई ‘मी हे दोन वर्षं केलं, नाही जमलं, मग असं केलं’ म्हणते, तिचं लिहून ठेवा. ‘ही कल्पना आमच्या केंद्रातल्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटातल्या, अमक्या सरांची’ असं जो आवर्जून सांगतो, तोही. हजारांत अशी तीन-चार माणसं निघाली तरी तुमचं काम झालं.

आता प्रश्न कसा विचारायचा ते. तुमच्या प्रश्नात खोट नव्हती, पण तो इतका मोकळा होता की ज्यानं कधी दुसरीचा वर्ग घेतला नाही, त्यालाही बोलायला जागा मिळाली. समजा, तोच प्रश्न असा लिहिला असता: ‘दुसरीचा वर्ग, पट नऊ. ५२ मधून २७ वजा करायला दिलं तर सहा जण ३५ लिहितात. काड्यांचे गठ्ठे घेऊन बरोबर करतात, वहीवर आलं की पुन्हा ३५. तुम्ही मधली कोणती पायरी घेता?’ हे वाचून टोमणे मारणारा पुढं सरकतो, कारण त्याच्याजवळ बोलायला काही नसतं. आणि ज्या बाईनं हेच ३५ आपल्या वर्गात पाहिलेलं असतं, ती थांबते.

आता ही वजाबाकी निघालीच आहे तर तिच्याबद्दलही बोलू. ३५ लिहिणारं लेकरू बेफिकीर नसतं. दोनातून सात जात नाहीत, म्हणून ते सातातून दोन काढतं. त्याच्या लेखी मोठ्यातून लहान वजा करणं हाच नियम, आणि तो त्यानं नेमानं पाळलेला असतो. त्याच्यापुढं दहा-दहा काड्यांचे पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या ठेवा आणि म्हणा, ‘मला सत्तावीस दे.’ दोन गठ्ठे ते लगेच देईल. सात सुट्या मागितल्या की अडेल, तुमच्या तोंडाकडं बघेल. तिथं तुम्ही काही सांगू नका. थोड्या वेळानं ते आपण होऊन एका गठ्ठ्याचं रबर काढतं. रबर त्याच्याच हातानं निघायला हवं, आपण काढून दिलं की सगळं फुकट जातं. मग बारा सुट्यांतून सात दिल्या, पाच उरल्या, गठ्ठे दोन उरले. राहता राहिली तुमची मधली पायरी. काड्या बाजूला न ठेवता, प्रत्येक हालचालीबरोबर त्याच क्षणी वहीत लिहायला लावा: रबर काढलं की लगेच पाचावर काट मारून चार, दोनाच्या जागी बारा. काड्यांचा तास वेगळा आणि वहीचा तास वेगळा केला की लेकरू वहीवर आपल्या जुन्या नियमाकडं परत जातं. आणि तांड्यावरची लेकरं दुकानात जातात, तेव्हा दहाची नोट मोडून सुट्टे घ्यायचं त्यांना कुणी शिकवावं लागत नाही. ५२ रुपये घेऊन २७ रुपयांचं सामान आणायचा खेळ वर्गात मांडून बघा.

हे मला कुठल्या प्रशिक्षणात मिळालेलं नाही. जालना जिल्ह्यातल्या एका बाईंनी आमच्या लहानशा ग्रुपात लिहिलं होतं, त्याखाली आणखी दोघींनी आपापली भर घातली होती. व्यावसायिक आधार म्हणतात तो एवढाच असतो, पण याच्यावर वर्ग उभा राहतो.

२०१९ च्या जूनमध्येही हाच फरक मला दिसला होता. दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात सत्तावन्नच्या जोडीला ‘पन्नास सात’ अशी वाचनपद्धत आली आणि महाराष्ट्रभर थट्टा सुरू झाली. त्याच आठवड्यात लहान ग्रुपांतून शिक्षक एकमेकांना विचारत होते, की तुमची लेकरं बावन्न ऐकून पंचवीस लिहितात का, ही पद्धत घेतल्यावर काही फरक पडला का. कुणी म्हणे पडला, कुणी म्हणे गोंधळ वाढला. दोघंही वर्गातून बोलत होते, म्हणून वाद झाला तरी कुणी दुखावलं गेलं नाही.

तुमचा वर्ग तांड्यावरचा आहे, म्हणजे घरात लेकरं गोरमाटी, म्हणजे बंजारा बोली, बोलत असणार. आईला याडी आणि भाकरीला बाटी म्हणणारं सहा वर्षांचं लेकरू तुमच्यासमोर बसतं आणि ‘किती उरले?’ या मराठी प्रश्नापाशीच अडकू शकतं, वजाबाकी तर पुढची गोष्ट. यासाठी एखाद्या बंजारा समाजातल्या शिक्षिकेची ओळख काढा. हिंगोली, नांदेड, परभणी, जालना या जिल्ह्यांत त्या बऱ्याच आहेत. ‘मोजून दे’, ‘गठ्ठा सोड’, ‘किती उरले?’ अशी रोजची दहा-बारा वाक्यं त्यांच्याकडून आवाजात मागून घ्या. कुणीही आनंदानं पाठवेल. आपली भाषा शिकायला कुणी आपण होऊन आलं, याचा त्या बाईंना किती आनंद होईल ते तुम्हाला पुढच्या बोलण्यात कळेलच.

आणि आता जे लिहिते आहे, त्यासाठी तर शिक्षकांनी समाजमाध्यमांवर राहावंच असं मला वाटतं. तुमच्या तांड्यावरूनही दिवाळीनंतर टोळ्या उसाला जात असतील. लेकरं मागं राहिली तर आजीजवळ किंवा हंगामी वसतिगृहात, नाहीतर आईबापाबरोबर कारखान्यावर. जाणाऱ्या लेकराला आपण शिक्षण हमी पत्रक देतो, ते दाखवून तिकडच्या शाळेत बसता यावं म्हणून. ते पत्रक पत्र्याच्या पेटीत जातं, पेटी ट्रॅक्टरवर चढते, आणि कोपीवर, म्हणजे ऊसतोड्यांच्या झोपडीवर, पोचल्यावर ते बाहेर काढून शाळेची वाट विचारायला पहाटे तीनला फडात जाणाऱ्या आईबापाला उसंत नसते. बीड जिल्ह्यातले एक गुरुजी माझ्या ओळखीचे आहेत. टोळी निघाली की मुकादमाकडून कारखाना आणि गाव विचारून घेतात आणि शिक्षकांच्या ग्रुपात एवढंच लिहितात: ‘अमक्या कारखान्याच्या परिसरातल्या शाळेत कुणी आहे का? माझी चार लेकरं तिकडं आली आहेत.’ एका वर्षी सांगलीकडच्या एका शाळेतल्या मॅडमनी उत्तर दिलं. कोपीवर जाऊन लेकरं बघितली, दुसऱ्या दिवसापासून वर्गात बसवली, आणि महिन्याभरानं तिसरीतल्या एका पोरीच्या वाचनाचा आवाज गुरुजींना पाठवला. या दोघांची तोवर गाठभेट नव्हती. एप्रिलमध्ये पोरगी परत आली तेव्हा तिचं कुठपर्यंत झालं आहे हे गुरुजींना ठाऊक होतं, पहिल्यापासून गिरवावं लागलं नाही. सरकारी कागद जे काम पुरतं करू शकत नव्हता, ते दोन अनोळखी शिक्षकांनी मोबाइलवरून केलं. तुमच्या वर्गातून यंदा कुणी गेलं तर तुम्हीही असं विचारा. या प्रश्नाला कुणी हसलेलं मी आजवर पाहिलेलं नाही.

एक गोष्ट तुम्ही पत्रात लिहिलेली नाही, तरी मी लिहिते, कारण अशा पत्रांतून ती वारंवार येते. व्हॉट्सअ‍ॅपच्या मोठ्या ग्रुपात आपला नंबर सगळ्यांना दिसतो. तरुण, बाहेरगावची, खोली करून एकटी राहणारी शिक्षिका असली की मदतीच्या नावाखाली ‘जेवलात का मॅडम’ सुरू होतं. अशाला उत्तर द्यायलाच पाहिजे असं काही नाही, तो केंद्रातला ज्येष्ठ असला तरी. ओळख वाढवायची ती आधी शिक्षिकांशी वाढवा, आणि दोघांच्या खासगी बोलण्याऐवजी तिघी-चौघींचा लहान ग्रुप करा. आपल्याला ग्रुपात कोण घेऊ शकतं आणि आपला फोटो कुणाला दिसतो, हे व्हॉट्सअ‍ॅपच्या सेटिंगमध्ये ठरवता येतं, ते आजच करून टाका. कुणी हद्द सोडली तर एकदा स्पष्ट शब्दांत नाही म्हणा, मेसेज जपून ठेवा, त्याचा नंबर ब्लॉक करा आणि एखाद्या वडीलधाऱ्या शिक्षिकेला सांगा. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा आहे, त्याखाली तक्रार समिती असावी लागते. यात लाज वाटायची असेल तर ती तुम्हाला नाही.

लेकरांच्या बाबतीतही तेवढंच जपा. वहीचा फोटो टाकताना नाव झाका. चेहरा दिसणार असेल तर आईबापाला विचारा. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानं अठराच्या आतल्या मुलांसाठी पालकांची संमती धरलेली आहे, पण कायदा नसता तरी विचारलंच पाहिजे. अडखळत वाचणाऱ्या लेकराचा व्हिडिओ तर कुठंही, लहान ग्रुपातसुद्धा, टाकू नका. उद्या ते मोठं होईल आणि व्हिडिओ फिरतच असेल. जुलै २०२५ मध्ये राज्य शासनानं कर्मचाऱ्यांच्या समाजमाध्यम वापराबद्दल शासन निर्णय काढला आहे, तो एकदा शांतपणे वाचून घ्या. तुमचा शिक्षणसेवकाचा, म्हणजे कायम होण्याआधीचा, तीन वर्षांचा काळ चालू आहे, धोरणांवरच्या भांडणात सध्या पडू नका. वर्गातल्या अडचणींबद्दल बोलायला मात्र त्यानं तोंड बंद होत नाही.

रीलचं म्हणाल तर त्यातली काही शिक्षकांनी खरंच कष्टानं उभी केलेली कामं आहेत, त्यांचा राग धरू नका. पण रंगवलेल्या भिंतीवरून आत ५२ वजा २७ चं काय होतं ते कळत नाही. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीचे रणजितसिंह डिसले यांना २०२० मध्ये ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला, तेव्हा दहा लाख डॉलरच्या रकमेचा आकडा सगळ्यांनी लक्षात ठेवला. त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांत वाटून दिली. ज्यांच्याशी आपली स्पर्धा आहे असं जग म्हणत होतं, त्यांना त्यांनी सोबती मानलं, हे मला पुरस्काराहूनही मोठं वाटतं. कुठलंही रील पाहताना वाईट वाटायला लागलं तर त्या शिक्षकाला एक नेमका प्रश्न विचारून बघा. उत्तर आलं तर ओळख झाली. नाही आलं तर पुढं चला.

फुलांचे आणि वाढदिवसांचे ग्रुप आवाज बंद करून ठेवा. केंद्राचा आणि तालुक्याचा ठेवावाच लागतो, तो दिवसातून दोनदा उघडला तरी पुरे.

आणि केंद्रातल्या शिक्षण परिषदेला पुढच्या वेळी जाल तेव्हा दुपारी डबे उघडल्यावर तीच ३५ लिहिलेली वही काढा. मोबाइलवर सापडलेली सांगलीची किंवा जालन्याची मैत्रीण मोलाची आहेच, पण दहा किलोमीटरवरच्या शाळेतली एखादी बाई शनिवारी दुपारी तुमच्या वर्गात येऊन बसू शकते, किंवा तुम्ही तिच्या. परिषदेत सूचनाच जास्त होतात हे खरं, तरी त्या जेवणाच्या अर्ध्या तासात एक वही फिरली की दोन-तीन जणी आपापलं सांगायला लागतातच.

त्या मोठ्या ग्रुपात परत लिहायचं का? लिहा, पण पहिल्यांदा प्रश्न नको, उत्तर लिहा. पहिलीच्या वर्गाबद्दल तिथं रोज कुणीतरी नवखं काहीतरी विचारत असतं. तुमच्या वर्गात जे जमलं ते चार ओळींत सांगा, जमलं नाही तेही सांगा. त्या नवख्या शिक्षकाला पहिलं उत्तर तुमचं मिळालं, तर टोमण्याच्या आधी ते पोचेल.

तुमच्या पत्रातलं नाव-गाव मी इथं छापलेलं नाही. हे वाचणाऱ्यांत गोरमाटी येणाऱ्या शिक्षिका असतील, किंवा जिंतूर-सेलू भागात पहिली-दुसरी घेणाऱ्या कुणी असतील, तर त्यांनी सदराच्या पत्त्यावर दोन ओळी लिहाव्यात. तुमची हरकत नसेल तर त्या ओळी मी तुमच्यापर्यंत पोचवीन. नंबर द्यायचा की नाही आणि कुणाला, हे तुम्हीच ठरवा.